काच हवी, कुलूप नको

आपल्या घरांतल्या शोकेसवर सहसा कोणी लेख लिहीत नाही. आरक्षण, अ‍ॅट्रॉसिटी, निवडणुका यांवर आपण रोज लिहितो आणि ते लिहायलाच हवं. पण वस्तीतल्या कोणत्याही बऱ्यापैकी घरात जा. हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी काचेचं एक कपाट असतं. त्यात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा अर्धपुतळा, मुलीला दहावीत मिळालेली ट्रॉफी, कुठल्या तरी जयंती उत्सव समितीने दिलेलं सन्मानचिन्ह, आणि वरच्या खणात शासनाने प्रकाशित केलेले बाबासाहेबांचे खंड. खंडांवरचं प्लॅस्टिक पुष्कळदा तसंच असतं. कपाटाला छोटं कुलूप असतं आणि त्याची किल्ली कुठे आहे ते घरातल्या एकाच माणसाला माहीत असतं.

या उन्हाळ्यात मी असं एक कपाट घरीच तयार केलं. प्लाय आणला, कापला, जोडला, घासला, पॉलिश केला. शनिवार-रविवार धरून काम सहा आठवडे चाललं. ते करताना तीन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले. हे काम कोणाच्या हाताचं मानलं जातं? कपाटात लोकांना दिसेल असं काय ठेवायचं? आणि त्याला कुलूप लावायचं का? हे तीनही प्रश्न सुतारकामाचे वाटतात, पण तसे ते नाहीत. म्हणून हा लेख.

आजकाल मोबाइलवर 'घरच्या घरी फर्निचर' शिकवणारे व्हिडिओ पुष्कळ दिसतात. हाताने काहीतरी घडवण्याचा आनंद, ऑफिसच्या ताणातून सुटका, अशी त्यांची भाषा असते. त्यात वाईट काही नाही. पण आपल्या समाजात 'स्वतःचं काम स्वतः करणं' याचा इतिहास छंदाचा नाही, बहिष्काराचा आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये साताऱ्यातल्या लहानपणाच्या आठवणी लिहिल्या आहेत. घरात पैसे होते, गावात न्हावी होते, तरी भीमाचे केस मोठी बहीण कापायची; कारण न्हावी अस्पृश्यांना हात लावत नव्हता. कपडेही बहिणीच धुवायच्या. हे काम करून करून बहीण केस कापण्यात चांगली तरबेज झाली, असंही बाबासाहेब नोंदवतात. त्या घराने ते कौशल्य हौसेने कमावलं नव्हतं. बाहेरची दारं बंद होती, म्हणून घरातले हात शिकले.

त्याच आठवणींत शाळेतलं गोणपाट आहे. बाकीची मुलं वर्गात आपापल्या जागी बसायची. भीमाने घरून आणलेल्या गोणपाटावर कोपऱ्यात बसायचं आणि संध्याकाळी ते परत घरी न्यायचं. शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्याला शिवत नव्हता. मित्रांनो, फर्निचर ही आपल्याकडे कधीच साधी सोयीची वस्तू नव्हती. कोण खाटेवर बसणार, कोण जमिनीवर, कोणाच्या समोर खुर्चीवरून उठायचं, यावर गावाची उतरंड उभी होती. आजही खुर्चीवर बसला म्हणून मारहाण झाल्याच्या बातम्या येतात. तेव्हा आपल्या माणसाच्या हॉलमध्ये चार फूट रुंद, सहा फूट उंच कपाट उभं राहतं, ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

आता लाकडाचं बघा. गावगाड्यात लाकूड सगळ्यांचं होतं, पण प्रत्येकाच्या वाट्याला ते वेगळ्या रूपात येत होतं. सुताराच्या हाती करवत, पटाशी आणि रंधा होता. त्याला बलुत्यात हिस्सा होता आणि नांगर, बैलगाडी, चौकट ही त्याची निर्मिती होती. महाराच्या हाती कुऱ्हाड होती, आणि ती कशासाठी? पाटलाच्या वाड्यावर जळण फोडून द्यायला. मयताला लाकडं पोचवायला. माझे आजोबा हे काम करत. दिवसभर बाभळीचे ओंडके फोडायचे आणि संध्याकाळी शिळ्या भाकरी घेऊन परत यायचं. आयुष्यभर त्यांच्या हाताखालून शेकड्याने झाडं गेली असतील, पण स्वतःच्या घरात त्यांनी एक पाटसुद्धा घडवला नाही. लाकडाची त्यांना ओळख नव्हती का? कोणतं लाकूड कुठून फाटतं, गाठ कुठे आहे, ओलं किती, सुकं किती, हे ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. ज्ञान होतं. ते ज्ञान घडवण्याकडे वळू द्यायचं नाही, अशी व्यवस्था होती.

यालाच वतन म्हणत. नाव किती भारदस्त! तुटपुंज्या इनाम जमिनीच्या बदल्यात सगळं कुटुंब चोवीस तास सरकारचं आणि गावाचं वेठबिगार. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते याच गुलामगिरीवर घाव घालायला. ही वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतरची दोन वर्षं. आपल्यातल्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांना हे फार जुनं वाटतं. माझ्या घरात ते दोन पिढ्यांपूर्वीचं आहे.

काम सुरू केलं तेव्हा मशीनवर प्लाय कापून घ्यायला मी जवळच्या एका मिस्त्रींकडे गेलो. साठीचे गृहस्थ, हाताला अतिशय सफाई. माझ्या वहीतली मापं त्यांनी नीट तपासली, दोन ठिकाणी चांगल्या सूचना केल्या. नंतर घरी आले, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहिला, चहा घेतला आणि म्हणाले,

"भाऊ, राग मानू नका, पण तुमच्या समाजातलं कोणी सुतारकाम करताना मी पाहिलं नाही."

"का पाहिलं नसेल, मामा?"

"आमचं पिढीजात आहे ना. रक्तातच असतं ते."

"तुमचा मुलगा येतो का हाताखाली?"

"तो कशाला येतोय? कंपनीत आहे. ह्या धंद्यात काय ठेवलंय आता!"

मामा मनाने वाईट नाहीत. मला रंधा धरायला त्यांनीच शिकवलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. पण त्यांच्या तीन वाक्यांत जातिव्यवस्था पूर्ण उभी आहे. काम रक्तात असतं, असं मानायचं. म्हणून दुसऱ्याने ते शिकू नये. आणि त्याच रक्ताच्या स्वतःच्या मुलाने मात्र त्यातून सुटावं, असंही वाटायचं. रक्तात असतं तर मुलाच्या रक्तातून कुठे गेलं?

'जातिसंहार' या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी याची चिकित्सा करून ठेवली आहे. जात म्हणजे श्रमविभागणी, असं तिचे समर्थक सांगत. बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जातीने श्रमाबरोबर श्रमिकांचीही विभागणी केली आहे, तीही एकावर एक अशा पायऱ्यांनी. माणसाची आवड, कुवत, प्रशिक्षण यांना तिथे जागाच नाही. आई-बापांच्या दर्जावरून जन्माआधीच काम ठरलेलं. याचा तोटा दोन्हीकडून होतो. ज्याला शिकायचं आहे त्याला दार बंद, आणि ज्याला सोडायचं आहे त्याच्या पायात बेडी. मामांना त्यांच्या कौशल्याचा योग्य मोबदला आणि मान मिळाला असता, तर 'ह्या धंद्यात काय ठेवलंय' असं ते म्हणाले नसते.

आणि सरकार काय करतं? १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीचा मुहूर्त साधून, केंद्र सरकारने 'पीएम विश्वकर्मा' योजना सुरू केली. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, धोबी, चर्मकार अशा १८ पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारं आणि तीन लाखांपर्यंत स्वस्त कर्ज. कारागिराला कर्ज आणि अवजारं मिळावीत याला कोणाचा विरोध असणार? पण योजनेची भाषा पाहा: परंपरा, कुटुंबाचा व्यवसाय, गुरु-शिष्य. तमिळनाडू सरकारने नेमका यावरच आक्षेप घेतला. वडिलोपार्जित व्यवसायाची अट नको, कोणीही कोणताही हुन्नर निवडू शकला पाहिजे, असं म्हणत त्यांनी आहे त्या रूपात ही योजना राबवायला नकार दिला आणि स्वतःची वेगळी योजना आणली. सुताराच्या पोराला सुतारकामासाठी मदत देणं सोपं आहे. महाराच्या, मांगाच्या, पारध्याच्या पोरीला ती मिळते का, हा खरा प्रश्न आहे. आयटीआयमध्ये सुतारकामाच्या प्रवेशासाठी कोणी कुळ विचारत नाही. शिकवणं असं असावं.

'हे आपलं काम नाही' हे वाक्य आता आपल्याही तोंडी आलंय. वेगळ्या अर्थाने. शिकलेला आपला तरुण हाताला माती लागली की लाजतो. त्याचं कारण मला समजतं. ज्यांच्या आज्याने वेठबिगारी केली, त्यांना अंगमेहनतीची शिसारी येणं स्वाभाविक आहे. पण ज्या गोष्टीचा आपण तिरस्कार करायचा ती मेहनत नाही, सक्ती आहे. घाण आणि अपमान वाट्याला देणारी पिढीजात कामं सोडून द्या, असं बाबासाहेबांनी आपल्याला सांगितलं. त्यांनी श्रमाला कमी लेखलं नाही. स्वतंत्र मजूर पक्ष काढणारा माणूस श्रमाला कमी लेखेल कसा?

आपला धम्म तर याबाबत फारच स्पष्ट आहे. धम्मपदात शहाण्या माणसासाठी जी उदाहरणं येतात, त्यात लाकडाला आकार देणारा सुतार आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात जाल तेव्हा दोन गोष्टी बघा. एक, छताला असलेल्या लाकडी कमानी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं ते लाकूड अजून जागेवर आहे. दुसरी गोष्ट, दर्शनी भागातला एक शिलालेख. धेनुकाकट इथला सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने दाराचं काम केलं अशी त्यात नोंद आहे. व्यापारी आणि भिक्खू यांच्या दानलेखांच्या ओळीत एका सुताराचं नाव, बापाच्या नावासह, दगडात कोरलेलं आहे. ज्या काळात लेण्याच्या दारावर सुताराचं नाव लागत होतं, तिथून आपण कारागिराला मागच्या दाराने आत घेणाऱ्या समाजापर्यंत कसे आलो, याचा अभ्यास आपल्या पोरांनी करावा.

आता कपाटाकडे येतो, कारण कोणाला करायचंच असेल तर मापं उपयोगी पडतील. उंची सहा फूट, रुंदी चार फूट, खोली जेमतेम फूटभर. प्लाय १९ मिलिमीटरचा, आठ बाय चारच्या दोन शीट, बीडब्ल्यूआर प्रतीचा. पाठीला ६ मिलिमीटरची एक शीट. पहिल्या शीटच्या चार लांब पट्ट्या करायच्या. तीन पट्ट्यांतून सहा-सहा फुटांच्या दोन बाजू आणि मधला पडदा निघतो, चौथीतून वरची आणि खालची फळी. उरलेल्या दोन-दोन फुटी तुकड्यांत तीन फळ्या मिळतात. बाकीच्या पाच दुसऱ्या शीटमधून.

मधला पडदा का, असं सगळे विचारतात. दुकानातल्या बऱ्याच शोकेसमध्ये तो नसतो. चार फूट सलग फळी दिसायला छान, पण तिच्यावर काचेच्या बाहुल्या ठेवायच्या असतात हे गृहीत धरलेलं असतं. पुस्तकांचं वजन वेगळं. बाबासाहेबांचे खंड दोन फुटांच्या फळीवर दाटीने लावले तर पंधरा-वीस किलो सहज होतात. फळीची लांबी दुप्पट केली आणि पुस्तकं त्याच दाटीने लावली, तर बाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. उलट फळीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट वाढतो. म्हणून लांबी कमी ठेवायची, जाडीत काटकसर करायची नाही. एका कार्यकर्त्याच्या घरी भुसा-बोर्डाच्या तयार शोकेसमध्ये खंडांखालची फळी पाळण्यासारखी झोललेली मी पाहिली आहे. त्या शोकेसच्या कारखान्यात कोणाच्या मनातच आलं नसेल की हे घर पुस्तकं ठेवणार आहे.

फळ्या नुसत्या स्क्रूवर टांगू नका. बाजूच्या प्लायमध्ये ६ मिलिमीटर खोल खोबण पाडा आणि फळी तिच्यात बसवा. सरस लावून मग स्क्रू. असं केलं की वजन लाकडावर येतं, स्क्रूवर येत नाही. सांगाडा उभा केल्यावर दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. मगच पाठ ठोका. पुढच्या कडांना सागाची पट्टी. स्क्रूच्या भोकांत लांबी भरून पॉलिश पेपरने घासायचं, आणि शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन. खाली चार इंचांचे पाय ठेवा म्हणजे फरशी पुसताना पाणी लागत नाही. भिंतीला ओल असेल तर इंचभर अंतर सोडा, नाहीतर वाळवी आणि कसर दोन्ही पाहुण्या येतात. वरच्या बाजूने भिंतीला अँगल ठोकायला विसरू नका. घरात लहान मुलं असतात, ती फळीवर पाय देऊन चढतात.

वरच्या तीन खणांना सरकती काच बसवली. खालचे दोन खण उघडे ठेवले. का, ते पुढे सांगतो.

आधी काचेबद्दल. आपल्यातले काही परिवर्तनवादी मित्र म्हणतात, दिखावा कशाला? पुस्तकं ट्रंकेत असली तरी वाचता येतात. मला हे मान्य नाही. या देशात आपल्याला लपायला शिकवलं गेलं आहे. शहरात भाड्याने घर शोधणाऱ्या आपल्या पोराला विचारा. घरमालक येणार म्हटलं की बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत जातो. ऑफिसातले सहकारी जेवायला येणार म्हटलं की कॅलेंडर उलटं होतं. आडनाव आडनावासारखं सांगायचं, गाव मोघम सांगायचं. मी अशी घरं पाहिली आहेत आणि त्या माणसांना मी दोष देत नाही. डोक्यावर छप्पर लागतं. पण ज्याचं स्वतःचं घर आहे, नोकरी आहे, त्याने तरी दारातून आत येणाऱ्याला पहिल्या नजरेत दिसेल असं ठेवावं की हे घर कोणाच्या विचारांचं आहे. आमचं कपाट दारासमोर आहे. गॅसवाला येतो, सोसायटीचा चेअरमन येतो, मुलीच्या मैत्रिणी येतात. सगळ्यांना 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' दिसतो, फुल्यांचं समग्र वाङ्मय दिसतं, संविधान दिसतं. कोणी गप्प बसतं, कोणी विचारतं. विचारणाऱ्याशी बोलता येतं. काच यासाठी हवी, शिवाय धूळ लागत नाही हा वरचा फायदा.

काचेच्या आत मी दोन वस्तू ठेवल्या आहेत ज्या पुस्तकं नाहीत. एक बुद्धाची छोटी मूर्ती, आईने दीक्षाभूमीवरून आणलेली. दुसरं, आजोबांच्या कुऱ्हाडीचं पातं. दांडा केव्हाच कुजला, पातं गावच्या घरात पत्र्याखाली पडलं होतं. गंज काढून, तेल लावून ठेवलं. सन्मानचिन्हं मी डब्यात भरून ठेवली आहेत. शाल-श्रीफळवाल्या सत्कारांपेक्षा ते पातं माझ्या मुलांना या घराचा इतिहास जास्त नीट सांगेल.

आता कुलपाबद्दल, आणि इथे मला आपल्या लोकांशी भांडायचं आहे.

धर्मांतरानंतर आपण घरातून देव काढले. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. देवघराचा कोनाडा रिकामा झाला. मग तिथे काय आलं? पुष्कळ घरांत तिथे कुलूपबंद काच आली आणि काचेआड खंड आले. सकाळी समोर अगरबत्ती लावायची, 6 डिसेंबर आणि १४ एप्रिलला हार घालायचा, मुलांना सांगायचं, हात लावू नका. पुस्तकाला हात लावायचा नाही! वेदांना हात लावू नका असं ज्यांना शतकानुशतकं सांगितलं गेलं, त्यांनी आपल्या मुलांना बाबासाहेबांच्या ग्रंथांबद्दल तेच सांगावं? हे भक्तीने होतं, प्रेमाने होतं, मला माहीत आहे. पण २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला, तेव्हा त्यांनी स्वतःला त्यातून वगळलं नव्हतं. आणि बुद्धाने कालामांना सांगितलं की एखादी गोष्ट केवळ ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, तपासून घ्या. तपासायचं असेल तर पुस्तक उघडावं लागतं.

हे खंड आपल्याला फुकट मिळालेले नाहीत. बाबासाहेबांचं अप्रकाशित लिखाण वर्षानुवर्षं पेट्यांत पडून होतं. शासनाने समिती नेमली, वसंत मून यांनी त्या कागदांवर आयुष्य वेचलं, आणि १९७९ मध्ये पहिला खंड बाहेर आला. १९८७ मध्ये चौथा खंड आला, 'रिडल्स'चा. राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून गदारोळ झाला, खंड मागे घ्या म्हणून दबाव आला, आणि त्याला उत्तर म्हणून १९८८ च्या सुरुवातीला मुंबईत आपल्या लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला. खेड्यापाड्यांतून माणसं आली होती. त्यांतल्या अनेकांना वाचता येत नव्हतं. पण हे पुस्तक राहिलं पाहिजे, यासाठी ती रस्त्यावर उतरली. त्यांची नातवंडं आज इंजिनिअर आहेत, प्राध्यापक आहेत. त्यांच्या शोकेसमध्ये चौथा खंड आहे. त्यावर प्लॅस्टिक आहे.

पुढे खंडांची छपाई रखडली. त्याबद्दलच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. त्यावर आपण संतापलो, आणि बरोबरच संतापलो. पण छापलेले खंड आपण घरात कुलपात ठेवतो, तेव्हा छपाई थांबवणाऱ्यांचंच काम आपण फुकटात करून देतो, हे कोण बोलणार?

यावर नेहमीचा आक्षेप येतो: पुस्तक दिलं की परत येत नाही. आणि दुसरा, जरा तयारीचा आक्षेप: बाबासाहेब स्वतःची पुस्तकं कोणाला देत नसत. त्यांचं पुस्तकांवर जिवापाड प्रेम होतं, हे खरं. पण ते ती रोज वाचत होते, खुणा करत होते, त्यांतून लिहीत होते. न वाचता जपणं आणि वाचण्यासाठी जपणं यांत फरक आहे. शिवाय त्यांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभं केलं, १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तिथे ग्रंथालयाला केवढं महत्त्व दिलं ते पाहा. त्यांच्या स्वतःच्या संग्रहातली पुष्कळ पुस्तकं पुढे सिद्धार्थच्या ग्रंथालयात गेली. हजारो पोरं शिकावीत म्हणून.

पुस्तक परत येण्याचं म्हणाल तर त्याला कुलपापेक्षा साधा उपाय आहे: वही. कपाटाच्या उघड्या खणात दोऱ्याने बांधलेली एक दोनशे पानी वही ठेवली आहे. नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. पहिल्या चार महिन्यांत एकतीस पुस्तकं गेली, अठ्ठावीस परत आली. राहिलेल्या तिघांपैकी दोघांनी अजून वाचतोय म्हणून सांगितलं. तिसरं पुस्तक एका मुलीबरोबर पुण्याला हॉस्टेलवर गेलं आहे. ते तिथेच राहिलं तरी चालेल.

खालचे दोन खण उघडे ठेवले त्याचं कारण हेच. ते सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाताच्या उंचीवर आहेत. तिथे चित्रांची पुस्तकं, सावित्रीमाईंचं चरित्र, जातककथा, विज्ञानाची पुस्तकं, आणि मुद्दाम मराठी भाषणांचे खंड ठेवले आहेत. इंग्रजी खंडांपेक्षा अठराव्या खंडातली भाषणं पोरांना जवळची वाटतात, कारण बाबासाहेब तिथे आपल्याच माणसांशी आपल्याच भाषेत बोलतात. माझा भाचा नववीत आहे. त्याने परवा एक भाषण वाचून विचारलं, "मामा, बाबासाहेब लोकांना एवढे रागावायचे?" मी म्हटलं, हो, रागावायचे. त्याला ज्या बाबासाहेबांची ओळख होती ते निळ्या कोटात बोट वर करून उभे होते. आता त्याला बोलणारे, चिडणारे, समजावणारे बाबासाहेब भेटले. फळी दोन फूट खाली असल्याचा हा परिणाम.

दुसऱ्या शीटमधला जवळजवळ पाऊण भाग उरला होता. पाठीच्या शीटचाही तुकडा होता. त्यातून तीन फुटी एक छोटं कपाट केलं आणि वस्तीतल्या विहारात नेऊन ठेवलं. ते करताना वस्तीतल्या चार पोरांना आणि एका मुलीला हाताशी घेतलं. खोबण पाडायला मुलगीच सर्वांत चांगली शिकली. तिला आता आयटीआयला जायचं आहे. मिस्त्री मामा एक दिवस येऊन बघून गेले, तिच्या हातातली पटाशी कशी धरली आहे ते नीट करून दिलं आणि म्हणाले, "हिचा हात बसलाय." रक्ताचं काही बोलले नाहीत.

म्हणून तरुण मित्रांना माझं सांगणं सोपं आहे. आपल्या विहारांत भंते येतात, वंदना होते, जयंतीला डीजे वाजतो. डीजेच्या वर्गणीतून दोन शीट प्लाय, एक करवत, एक रंधा आणि दोन पटाश्या येतात. प्रत्येक विहारात एक उघडं कपाट आणि एक वही असू द्या. ते कपाट विकत आणू नका, वस्तीतल्या पोरा-पोरींनी मिळून करा, जे सुतारकाम जाणतात त्यांना शिकवायला बोलवा, मग ते कोणत्याही जातीचे असोत, आणि त्यांच्या मेहनतीचे पैसे द्या. यंदा ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवरून जे पुस्तक आणाल, त्याचं प्लॅस्टिक गाडीतच फाडा आणि घरी पोचेपर्यंत पहिलं प्रकरण संपवा. घरातल्या शोकेसची किल्ली सापडत नसेल तर शोधत बसू नका. कुलूपच काढून टाका.

जय भीम! जय संविधान!